रेडिओला आधी कळतं

ज्याच्या घरी पंखा बंद पडतो, तो वायरमनला बोलावतो. ज्याच्या घरी पंखा आपोआप सुरू होतो, तो आमच्या ग्रुपवर यायचा! असले किस्से शोधत फिरावं लागत नाही हो, लोक आपणहून दारात आणून टाकतात. एकदा का पंचक्रोशीत कळलं की शिरूरच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडम भुतांचं निदान करतात, की मग रांगच लागली.

तेव्हा मोबाइल नुकतेच घरोघर पोचले होते. इंटरनेट मात्र सायबर कॅफेत जाऊन बघायचं. तिथंच बसून आम्ही ग्रुप काढला होता, ‘असं का होतं?’ नावाचा. शिरूर, दौंड, पाबळ, सणसवाडी, कुरकुंभ, सगळीकडचे मेंबर. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि टीव्हीत मुंग्या का येतात इथपासून काहीही विचारायचं. उत्तरं द्यायला आम्ही दोघं. मी, आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मीटर-गेज सांभाळणारा भानुदास. मी खेकसून सांगायचे, तो गोड बोलून सांगायचा.

ग्रुपचा एक नियम होता. कुणाच्या भुताचा खुलासा झाला, की त्यानं बाजारच्या दिवशी शिरूरला येऊन हजर असतील तेवढ्या मेंबरांना भेळ चारायची. आणि भेळ खाल्ली की प्रश्न बंद! त्यावर परत कुणी अवाक्षर काढायचं नाही. हा नियम भानुदासचा. त्याला भेळ फार आवडायची.

*

पहिलं भूत दौंडचं. पोपटमामा म्हणून एक रिटायर गृहस्थ होते. त्यांनी भाच्याकडून लिहून घेतलं, “आमच्या रेडिओला फोन यायच्या आधी कळतं.”

म्हणजे कसं? मामा रेडिओ ऐकत बसलेले, मोबाइल शेजारी. मध्येच रेडिओ टिक्-टिक्-टिक्, टर्रर्र करायचा. आणि दोन श्वास घ्यावेत तेवढ्यात फोन वाजायचा! पुढं लिहिलं होतं, “मेव्हणे गेल्याचा फोन आला, त्याच्या आधी तर लई जोरात केलं. घरातली बाया-माणसं आता रेडिओजवळ जात न्हाईत.”

मी लिहिलं, “मामा, फोन वाजायच्या आधी टॉवरशी बोलतो. त्या बोलण्याचा धक्का रेडिओला बसतो, म्हणून तो टिकटिकतो. फार तर हात-दोन हात अंतरावर हे होतं. फोन पलीकडच्या खोलीत ठेवा, रेडिओ गप्प बसेल.”

बसला गप्प. मामा भेळ घेऊन आले, पण तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, “मंजी आमचा रेडिओ हुशार न्हाई?”

त्याच आठवड्यात मला कुसुमचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, एकटीला. कुसुम पाबळला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. घरची शेवंतीची शेती. नवरा नामदेव फुलांचा टेम्पो घेऊन पुण्याच्या मार्केटला जायचा आणि परत निघाला की रोज संध्याकाळी तिला फोन करायचा, “निघालो गं, ताट वाढ.” स्वयंपाकघरातल्या फळीवर रेडिओ आणि त्याला टेकून तिचा मोबाइल. आधी रेडिओ टिकटिकायचा, मग नामदेवचा फोन.

त्या वर्षी टेम्पो उलटला. नामदेव गेला. त्याचा फोन सापडलाच नाही.

कुसुमनं लिहिलं होतं, “मॅडम, त्यांचा नंबर मी बंद केला. माझा फोन रोज क्लासमध्येच ठेवून येते. तरी रेडिओ सांजच्याला त्याच टायमाला टिकटिकतो. सासूबाई तोपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. टिकटिक झाली की म्हणतात, ‘निघाला,’ आणि मगच घास घेतात. कधी रेडिओ बोलत नाही, त्या रात्री त्या उपाशी झोपतात. वाळून काठी झाल्यात. मला खुलासा पाहिजे. खुलासा झाला तर त्या वेळेवर जेवतील.”

मी उत्तर दिलं, “फोनशिवाय असं होऊच शकत नाही. कुठं तरी असणारच. शोध.” तिनं लिहिलं, “शोधला.”

*

कुरकुंभच्या अलीकडं खंडूआबांचं रान आहे. पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता बागायती करतात. रानावरून हाय टेन्शनच्या मोठ्या तारा गेल्यात. आबांनी बाजारातून नवीन ट्यूब घेतली आणि दिवे लागायच्या वेळी बांधावरून घरी निघाले. तारांखाली आले, आणि हातातली ट्यूब पेटली!

वायर नाही, बटण नाही. नुसती हातात धरलेली ट्यूब, आणि तिच्यात पांढरा उजेड. आबा जागच्या जागी थिजले. घरच्यांनी लांबून पाहिलं, ते असं की आबा अंधारात उजेडाची काठी धरून उभे आहेत आणि हाक मारली तर ओ देत नाहीत.

भानुदास पोचला तोवर ट्यूब त्याच जागी मातीत रोवली होती. हळदकुंकू, नारळ, सगळं झालेलं. त्यानं समजावलं, “आबा, ह्या तारांच्या आजूबाजूला विजेचा ताण असतो. तेवढ्यानंच ट्यूबमधला गॅस पेटतो. जरा लांब नेली की विझती. बघा.” लांब नेली, विझली. जवळ आणली, पेटली.

आबांनी ट्यूब परत मातीत रोवली. म्हणाले, “मंजी हितं हुबं ऱ्हायलं की ती वीज माझ्या अंगातनं बी जाती व्हय?”

“अगदी थोडी जाती, आबा.”

आबांनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला, उलटासुलटा केला आणि विचारलं, “मग मी का न्हाई पेटत?”

भानुदास म्हणतो, त्यानंतर तो त्या तारांखालून गाडीवर जातानाही हाताकडं बघतो!

*

सणसवाडीत एका शेठनं भाड्यासाठी खोल्यांची लाइन बांधली होती. कोपऱ्यातल्या खोलीत कुणी टिकेना. बेल वाजायची, दार उघडावं तर बाहेर कुणी नाही. लोक दाराला डोळा लावून बसले, तरी बेल वाजली. डोळ्यांदेखत! बटणावर कुणाचं बोट नाही आणि आत टिंग-टाँग. एकामागून एक भाडेकरू सामान बांधून गेले. शेवटी उत्तर प्रदेशातून आलेला शिवपूजन तिथं राहायला आला, कारण त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

शेठ ग्रुपवर आला, तेव्हा मी एकच विचारलं, “बेल कसली आहे?”

“बिनवायरची. नवीन निघालीय ना ती.”

“आणि दुसऱ्या टोकाच्या खोलीला?”

“तिला पण तीच. एकाच गाडीवाल्याकडनं घेतल्या.”

अहो, दोन्ही बेल एकाच लहरीवर! त्या टोकाला दूधवाला बटण दाबणार आणि ह्या टोकाला भूत येणार. भानुदासनं आतली सेटिंग बदलून दिली. शेठनं सगळ्यांदेखत जाहीर केलं, की आता बेल वाजली तर माणूसच असणार.

दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. शिवपूजननं दार उघडलं नाही. परत वाजली. तो देवाचं नाव घेत कोपऱ्यात बसून राहिला. अंधार पडेपर्यंत बेल वाजत होती, आणि अंधार पडेपर्यंत गावाहून आलेली त्याची बायको ट्रंक घेऊन बाहेर उभी होती!

“अरे, तिनं हाक नाही का मारली?” मी विचारलं.

“मारी थी, मॅडम. बोली, मैं हूँ, दरवाजा खोलो,” शिवपूजन म्हणाला. “लेकिन वो भी तो यही बोलेगा ना?”

*

हा फोटोचा किस्सा मी फारसा सांगत नाही, कारण त्यात माझीच जिरली.

शिरूरजवळच्या एका वस्तीवर एका घरी वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. संध्याकाळी अंगणात सगळ्या घराचा फोटो काढला, नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं. फोटोत माणसांच्या डोक्यांवर पांढरे पांढरे गोळे तरंगत होते. बसलेल्यांमध्ये जिथं वडिलांची जागा असायची, ती रिकामी सोडलेली, आणि तिच्या बरोबर वर एक मोठा गोळा. घरातल्यांनी कुठला गोळा कोण ते ठरवूनही टाकलं होतं. आजोबा, चुलते, लहानपणी गेलेली आत्या.

घरातला थोरला, तात्या, हे घेऊन ग्रुपवर आला. मी फणकारले. “तात्या, ही धूळ आहे! फ्लॅश पडला की कॅमेऱ्याजवळची धूळ अशी गोळ्यासारखी दिसते. उद्या अंगणात चांगला सडा मारा आणि त्याच वेळी परत फोटो काढा. एक गोळा दिसला तर भेळ माझ्याकडून.”

सडा मारला. फोटो काढला. एकही गोळा नाही! मी बाजारच्या दिवशी ऐटीत जाऊन बसले. तात्या आला, पण हात हलवत. भेळ नाही, काही नाही.

“भेळ कुठाय?”

“कशाची भेळ, मॅडम? तुमचंच ऐकून पाणी दिलं त्यांना. तहानलेले होते, पिऊन गेले. भेळ तुमच्याकडं लागली!”

भानुदास इतका हसला की त्याला ठसका लागला. भेळ मी दिली. कुसुम त्या दिवशी पहिल्यांदा भेटायला आली होती. ती मात्र हसली नाही. पुडा तसाच हातात धरून म्हणाली, “मॅडम, काल रेडिओ बोलला नाही. आत्या काल पण जेवल्या नाहीत.” सासूबाईंना ती आत्या म्हणायची.

*

आता हा शिरूर गावातला. नवीन सीएफएल बल्ब निघाले होते त्या वेळचा. एका घरातली सून ग्रुपवर आली. सासूबाई ज्या खोलीत वारल्या, तिथला बल्ब बटण बंद केल्यावरही लुकलुकतो. सगळं शांत झालं की थांबून थांबून, पापणी लवावी तसा. सून त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती.

मी म्हटलं, “बटणावर लाल बारका दिवा आहे का? अंधारात बटण सापडावं म्हणून असतो तो?” होता. त्या बारक्या दिव्यातून बंद बटणातही थेंब-थेंब करंट बल्बाकडं जात राहतो. पुरेसा साठला की बल्ब एकदा लुकलुकतो, आणि परत साठायला लागतो. संपलं! बटण बदललं, लुकलुक बंद. सुनेनं खुशीत येऊन डबल भेळ चारली.

पुढच्या बाजारला त्या घरातले आजोबा आले. इस्त्रीचा सदरा, टोपी. सगळे पांगेपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, ते जुनं बटण परत बसवता येईल का? मी त्या खोलीत झोपायला लागलो होतो.”

भानुदासनं गुपचूप जाऊन जुनं बटण बसवून दिलं.

परत आला तो माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, “मॅडम, कुसुमताईच्या घरी जायचं म्हणताय खरं. पण आपण खुलासा केला, म्हातारीला कळलं की ल्योक फोन करत न्हाई, आन् तिनं खाणंच सोडलं तर?”

मला भीती वाटली. खरंच वाटली. पण कुसुमनं स्वतः बोलावलं होतं, आणि म्हातारी अर्धे दिवस उपाशीच होती. आम्ही गेलो.

*

कुसुमचं घर शेवंतीच्या मधोमध. शेजार नाही, हाक मारली तरी पोचणार नाही इतक्या लांब वस्त्या. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्या स्वयंपाकघरात पोत्यावर बसल्या होत्या, फळीवरच्या रेडिओकडं तोंड करून. मनगटं इतकी बारीक की बांगड्या कोपरापर्यंत गेलेल्या.

“आत्या, मॅडम रेडिओ बघायला आल्यात,” कुसुम म्हणाली.

“त्येला काय झालंय? चांगला बोलतोय की,” आत्या म्हणाल्या.

तुम्हाला ज्या शंका येतील, त्या सगळ्या मला आधीच आल्या होत्या. माझा, भानुदासचा आणि कुसुमचा, तिन्ही फोनच्या बॅटऱ्या काढल्या, सगळं स्टीलच्या डब्यात घातलं आणि भानुदास डबा विहिरीवर ठेवून आला. शेतातली मोटार चालू-बंद झाली तरी रेडिओ खरखरतो, पण त्या दिवशी लोडशेडिंग होतं, सगळ्या शिवारात लाइट नव्हती. रेडिओ सेलवर चालू, बातम्या लागलेल्या.

“आता जर टिकटिकला,” मी म्हटलं, “तर चालू फोन ह्या फळीच्या दोन हातांच्या आतच आहे. दुसरं काही असूच शकत नाही.”

आम्ही फळी रिकामी करायला लागलो. मिठाची बरणी, डाळींचे डबे, तेलाची किटली. आत्या बघत होत्या. रेडिओच्या मागं भिंतीला एक कोनाडा होता, त्यात फडक्याची गाठ. भानुदासनं गाठ सोडली.

आत मोबाइल होता.

“भेळ!” भानुदास ओरडला. मीही ओरडले असते, पण माझं लक्ष कुसुमकडं गेलं. ती भिंतीला टेकली होती. “त्यांचा आहे,” एवढंच म्हणाली.

“दवाखान्यातनं कपड्याचं गठुडं आलं, त्यात व्हता,” आत्या शांतपणे म्हणाल्या. “तुला दावला असता तर तू रडत बसली असतीस.”

माझा जीव भांड्यात पडला. मी शिकवायच्या आवाजात सुरूच झाले, “हे बघ कुसुम, इतकं सोपं होतं. फोन नुसता पडून असला तरी ठराविक वेळानं टॉवरला हजेरी देतो. आत्या तो चार्ज करत असणार, आणि म्हणून रोज...” बोलता बोलता मी फोनचं मागचं झाकण सरकवलं.

आत बॅटरी नव्हती. सिम कार्डही नव्हतं. बॅटरीच्या जागी वाळलेली माती होती.

“त्ये आतलं फुगलं व्हतं,” आत्या म्हणाल्या. “म्या तवाच काढून उकिरड्यावर टाकलं.”

बातम्या चालूच होत्या. झाकण एका हातात आणि तो पोकळ फोन दुसऱ्या हातात धरून मी उभी होते. बातम्या देणाऱ्याचा आवाज मध्येच थरथरला.

टिक्-टिक्-टिक्. टर्रर्र.

पोपटमामांनी सांगितला होता तसाच. हातातला फोन गार होता, अजिबात हलला नाही. भानुदासनं माझ्याकडं बघितलं आणि मी त्याच्याकडं. आमच्यापैकी एकाला तरी काहीतरी सुचायला हवं होतं.

“निघाला,” आत्या म्हणाल्या, आणि ताट पुढं ओढलं.

कुसुम भिंतीपासून पुढं झाली. मग माझ्या हातातून फोन घेतला, झाकण लावलं, फडक्यात बांधला आणि होता तिथं ठेवला. चुलीवरून भाकरी उतरवली. आत्यांचं ताट वाढलं. स्वतःचं वाढलं, आणि तिसरं वाढून दाराच्या तोंडाला ठेवलं.

पाबळकडं पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. त्या दिवशी आम्हाला कुणी बसासुद्धा म्हटलं नाही. विहिरीवरून डबा उचलला आणि आम्ही निघालो. वाटेत भानुदास माझ्याकडं वळला. म्हणाला, “मॅडम, ग्रुपवर काय लिहायचं?” मी म्हटलं, “पुढच्या वेळी मोठा रेडिओ नेऊन तपासू. काहीतरी राहिलंय आपलं.”

बाजारच्या दिवशी कुसुम आली. हातात भेळेचे पुडे, सगळ्यांना पुरतील एवढे. तिनं पहिला पुडा माझ्या हातात दिला.

“अगं, कसली भेळ? खुलासा कुठं झालाय?” मी म्हटलं. “मी परवा परत येणार आहे. आत्या जेवतात का?”

“रोज जेवतात. आम्ही दोघी बरोबरच बसतो.” ती माझ्या हातातल्या पुड्याकडं बघत उभी राहिली. मी पहिला घास खाईपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, “आता खाल्लीत ना भेळ? मग परत येऊ नका, मॅडम. जेवायच्या वेळी घरात परकी माणसं असली, की ते बाहेरच उभे राहतात.”